गवत तेवढं राहू दिलं

१

"माझं शेत चोरीला गेलं," इंजिन दारातूनच म्हणाली.

मी अर्ध्या गालाची दाढी उरकून उरलेल्या अर्ध्याला साबण लावत होतो. "शेत कसं चोरीला जाईल?" मी म्हणालो. "फार तर बांध सरकतो. पाणी पळवतात. अख्खं शेत उचलून न्यायचं म्हणजे..."

"भाऊ, तुम्ही आधी तोंड धुवा. बाईसाहेब उठल्यात का?"

बाईसाहेब म्हणजे माझी बायको. जमीन लवादाची अध्यक्ष म्हणून ती निवृत्त झाली, पण 'बाईसाहेब' काही निवृत्त व्हायला तयार नाहीत. भाजीवाल्यापासून व्याह्यांपर्यंत सगळे तिला तेच म्हणतात आणि घरात वाद झाला की मीही म्हणतो. वर अपिलाची सोय नाही हे एकदा कळलं, की माणूस आपोआप नम्र होतो.

इंजिन ही साठीतली काटक बाई. एकदा सुरू झाली की थांबत नाही आणि तापली की वाफ सोडते, म्हणून इंजिन. हे नाव तिला सख्ख्या धाकट्या भावानं चिडून दिलं आणि तिनं ते पदवीसारखं मिरवलं. शहराच्या कडेला तिचा एकरभर मळा. एका अंगाला गोदाम, दुसऱ्या अंगाला रस्ता, मागे शेळ्यांचं कुरण. शहर वाढत वाढत तिच्या बांधापर्यंत आलं आणि म्हणालं, सरक. ती सरकली नाही. शेवटी शहरालाच वळसा घालून पुढे जावं लागलं.

"माझ्याकडेच कशी आलीस?" बाईसाहेबांनी विचारलं. "पाण्याच्या भांडणात मी तुझ्याविरुद्ध निकाल दिला होता."

"म्हणूनच आले. गोड बोलणारे माझ्याकडे पोत्यानं पडलेत."

आम्ही निघालो. माझा अर्धा गाल तसाच.

परवापर्यंत त्या मळ्यात मका होता, वांगी होती, मिरची होती आणि मांडवावर चढलेल्या शेंगा होत्या. आता उघडी माती होती आणि तीही दंताळं फिरवून सपाट केलेली. एक मूळ नाही की एक पान नाही. नासधूस म्हणावी, तर इतकी टापटीप आमच्या घरातसुद्धा नसते.

फक्त पाटाच्या कडेनं लसूणघासाचा हिरवागार पट्टा डुलत होता. हा जनावरांचा चारा, इंजिन तो कापून विकायची. आणि त्याला लागून झेंडूची रांग, टवटवीत, जणू कालच्या प्रकाराशी आपला काही संबंध नाही.

"काल तू कुठे होतीस?" बाईसाहेबांनी विचारलं.

"वकिलाच्या ऑफिसात. माझा मामेभाऊ तो. पाहणीच्या कागदावर सही हवी म्हणून सकाळीच बोलावलंन् आणि स्वतः उगवला दिवेलागणीला. कोर्टात अडकलो म्हणे. मी दिवसभर त्याच्या पंख्याखाली बसून जुनी मासिकं वाचली. घरी आले ती अंधारात. आज सकाळी दार उघडलं तर हे."

"आणि पाहणी?"

"उद्या."

बाईसाहेब माझ्याकडे वळल्या. मला काही कळलेलं नसतं, हे त्या गृहीत धरतात. "असं आहे बघा. शेतजमीन आहे तोवर ती शेती न करणाऱ्याला विकता येत नाही, आणि एवढ्याशा जमिनीचे तुकडेही पाडता येत नाहीत. पण लागोपाठ दोन हंगाम पाहणीत पीक दिसलं नाही, की कायद्याच्या लेखी ती शेतजमीनच उरत नाही. मग हिचा भाऊ आपला हिस्सा तोडून वाटेल त्याला विकू शकतो."

"गेल्या हंगामात माझा पाय प्लास्टरात होता," इंजिन म्हणाली. "एक हंगाम तसा गेला."

"आणि हा दुसरा," मी म्हणालो. "पण उपटून नेलंय असं सांगता येईल ना?"

"सांगता येईल. सिद्ध करायला वर्षं जातील. आणि नीट बघा ना. इथे कुणाचा हात पडलाय असं वाटतं? बाईनं म्हातारपणी भाजीपाला काढून टाकला आणि हौसेनं हिरवळ आणि फुलं ठेवली, असंच वाटतं."

त्या खाली बसल्या, माती चिमटीत घेतली, घासाकडे पाहिलं.

"चोरानं वांगी नेली असती, झाडं ठेवली असती. वैऱ्यानं घासही तुडवला असता. शेळ्यांनी तर घासापासूनच सुरुवात केली असती. इथे जे जे उपटलंय, ते ते कायद्याच्या व्याख्येत पीक आहे. जे ठेवलंय, ते व्याख्येच्या बाहेर आहे. ज्यानं हे केलं त्याला ती व्याख्या माझ्याइतकीच पाठ आहे."

इंजिननं कमरेवर हात ठेवले. "अहो बाईसाहेब, मग काल दिवसभर तुम्ही कुठे होता?"

२

बाईसाहेब काल दिवसभर घरी माझ्याशी भांडत होत्या, याला शेजारपाजारचे साक्षीदार होते. ते निस्तरल्यावर आम्ही कुंपणाकडे गेलो. तिथे शेळीवाली काकू शेळ्यांना शिव्या देत बसली होती. तिच्या आणि इंजिनच्या वैराचं वय दोघींच्या मैत्रीएवढंच होतं.

"मी सगळं पाहिलं," काकू म्हणाली.

"पाहिलंस? आणि गप्प बसलीस?" इंजिनला वाफ फुटली.

"मला काय ठाऊक तुझी माणसं नव्हती ती! टेम्पोभर बायामाणसं आली, कधी नव्हे ती नीटनेटकी कामाला लागली. म्हटलं, चला, हिला अक्कल आली, मजूर लावले एकदाचे."

"काकू, त्यांच्याबरोबर कोण होतं?" बाईसाहेबांनी विचारलं.

"छत्रीवाला."

"चेहरा कसा होता?"

"छत्रीला कुठे असतो चेहरा? आभाळात ढगाचा तुकडा नाही, आणि याची छत्री ही अशी नाकापर्यंत. वाकला नाही की मातीला हात लावला नाही. नुसतं बोट. हे काढ, ते काढ. एक पोरगी विळा घेऊन घासात शिरली तर केवढ्यानं ओरडला! धावला तिच्या अंगावर. 'गवताला हात लावायचा नाही!' आणि मग शेवटपर्यंत घासाच्या कडेलाच राखण करत उभा."

"आवाज ओळखीचा?"

"लांबून सगळे पुरुष सारखेच ओरडतात. जवळूनही."

इंजिननं डोळे बारीक केले. "घास तेवढा राखला. तुझ्या शेळ्यांसाठी, होय ना गं?"

"हे बघ!" काकू उठलीच. "माझ्या शेळ्यांनी आजवर तुझी मिरची सोडली नाही, वांगी सोडली नाहीत, वाळत घातलेली ओढणी सोडली नाही. त्यांना घासच तेवढा राखून काय करायचाय? आणि तुझी जमीन गेली तर उद्या कुणाची पाळी? माझीच ना? आत्ता कुठे कुरण वाचलंय माझं. मागच्या साली गवतालाही पीक म्हणायला लागले म्हणून, नाही तर तेव्हाच मला उठवायला निघाले होते मेले. तुझं शेत बुडवून मी माझ्याच पायावर धोंडा पाडून घेऊ होय?"

इंजिन काहीतरी सणसणीत बोलली. काकूनं त्याहून सणसणीत उत्तर दिलं. मी मात्र बाईसाहेबांकडे पाहत होतो. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. एवढ्या वर्षांच्या संसारात मला इतकं कळलंय, की असा पुसला जाणारा चष्मा मळलेला नसतो.

"आता कुठे?" मी विचारलं.

"जी व्याख्या मला एवढी पाठ आहे, तिचंच काही खरं नाही, असं मला वाटायला लागलंय," त्या म्हणाल्या. आणि म्हणजे काय, हे काही केल्या सांगेनात.

३

धाकट्याचं दुकान फलकांचं. आत छपाईयंत्र पुढेमागे सरकत कुणाच्या तरी वाढदिवसाचं हसरं तोंड कपाळापासून खाली छापत होतं. शाईचा वास डोक्यात चढत होता. छताला गळती होती, म्हणून यंत्रावर एक काळी छत्री उघडी टांगलेली.

"आलात?" धाकटा म्हणाला. "ताईनं माझंच नाव घेतलं असणार."

"घेतलं नाही," इंजिन म्हणाली. "अजून."

"मला माझा हिस्सा हवाय, हे मी गल्लीत ओरडून सांगतो. हे यंत्र बघा. हसताना लोकांचे दात निळे छापतं. मला नवं घ्यायचंय. पण मागायचं तर तोंडावर मागेन. रात्री-बेरात्री शेंगा उपटत बसेन का मी? त्यातल्या निम्म्या मीच खातो."

"दिवसा उपटल्या," बाईसाहेब म्हणाल्या.

"मग तर नाहीच. दिवसा मी दुकान सोडलं तर हे यंत्र पेटतं."

मला तोंड धुवायचं होतं. वाळलेल्या साबणानं गाल ताणला होता. धाकट्यानं मागची मोरी दाखवली. मोरीला चारी बाजूंनी पत्र्याच्या फलकांचा आडोसा होता आणि प्रत्येक फलकावर ठळक अक्षरांत एकच मजकूर: 'चारा हेही पीक. फुलशेती हीही शेती. जमीन कचेरीतर्फे जनहितार्थ.'

"हे काय रे?" मी तोंडाला पाणी लावत ओरडलो.

"कचेरीनं करून घेतले. चौकाचौकात लावायचे होते. मग न्यायला कुणी आलंच नाही. मी दोनदा विचारलं, ते म्हणाले, ज्या साहेबानं सांगितलं तो बदलून गेला. मग म्हटलं, जनहितार्थच आहेत, तर मोरीला लावू. बायको म्हणते, मी झोपेतसुद्धा 'चारा हेही पीक' बरळतो."

जनहिताचा एवढा थेट उपयोग मी प्रथमच पाहत होतो. गाल स्वच्छ करून बाहेर आलो, तेव्हा बाईसाहेब विचारत होत्या, "तुझा हिस्सा घेणार कोण?"

धाकट्यानं बहिणीची नजर चुकवली. "गोदामशेठ. मी त्यांना आधीच सांगितलं, ताई आहे तोवर ते शेत आहे आणि शेत आहे तोवर मला विकता येत नाही. ते हसले."

"आणि?"

"म्हणाले, काळजी करू नको, उद्या सगळं कायदेशीर होईल."

"हे कधी म्हणाले?"

"परवा," धाकटा म्हणाला. मग त्याचा हात यंत्रावरच थांबला. वाढदिवसाचं तोंड हनुवटीशिवाय तसंच राहिलं. "परवा म्हणाले, 'उद्या'. ताई, म्हणजे काल!"

४

गोदामशेठची खोली इतकी थंड होती, की माणूस आत शिरताच आपली चूक कबूल करील. टेबलाला काच, काचेखाली गोदामाचा नकाशा, आणि नकाशात इंजिनचा मळा आधीच 'विस्तार' म्हणून रंगवलेला. दाराशी पितळी भांड्यात चार छत्र्या उभ्या. छत्र्या त्या दिवशी सगळीकडेच होत्या, त्यामुळे त्यांचा काही उपयोग नव्हता.

"बसा ना, बाईसाहेब," शेठ म्हणाले. इंजिनला त्यांनी बसायला सांगितलं नाही, म्हणून ती सगळ्यात मोठ्या खुर्चीत बसली.

"माझ्या जमिनीला रंग छान दिलाय," ती काचेवर बोट आपटत म्हणाली. "कुठल्या जन्मात मिळणारे म्हणे?"

"बाई, मी व्यापारी माणूस. स्वप्नं बघायला कायद्याची बंदी नाही."

"कायद्याचं फार प्रेम दिसतंय तुम्हाला," बाईसाहेब म्हणाल्या.

"प्रेम?" शेठ एकदम पुढे सरकले. जखमेवरची खपली निघाली होती. "खिडकीतून खाली बघा. काय दिसतंय?"

आम्ही पाहिलं. गोदामाच्या दारापुढे कमरेएवढं गवत माजलं होतं, आणि पलीकडे रस्त्यावर ट्रकांची रांग भोंगे वाजवत उभी होती.

"ती जागा ट्रकसाठी घेतली मी. आजूबाजूची उरलीसुरली तेवढीच. फरसबंदी करायला गेलो तर पाहणी अधिकारी आला. म्हणाला, गवत आहे. म्हटलं, आहे, आपोआप उगवलंय, काढतो. म्हणाला, काढायचं नाही, आता चारा हे पीक धरतात, ही शेतजमीन आहे. भांडलो. वरपर्यंत भांडलो. हरलो! स्वतःच्या दारातल्या गवताकडून हरलो मी, बाईसाहेब. ट्रक रस्त्यावर, आणि गवत ऐटीत."

इंजिन खिदळली. त्या थंड खोलीत तेवढीच ऊब.

"तेव्हा वकील कोण होता तुमचा?"

"होता एक गाढव. काढून टाकला."

"आणि आता?"

"आता दुसरा आहे." शेठ मागे टेकले आणि चेहऱ्यावर परत व्यापार आला. "हुशार आहे. त्याला मी पहिल्याच दिवशी सांगितलं, साहेब, काम सांगतो, पण ते तुम्ही कसं करणार ते मला एका शब्दानं सांगू नका. जे माहीतच नाही त्याची साक्ष देता येत नाही."

"नाव?"

"ते मात्र माहीत आहे," शेठ गोड हसले, "म्हणून सांगणार नाही."

५

वकिलाचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर. भिंतभर कायद्याची जाडजूड पुस्तकं, सगळ्यांची पाठ सोनेरी, आणि सगळ्यांवर धूळही एकसारखी. इंजिनला पाहताच वकील धावत पुढे आला. तिचे दोन्ही हात हातात घेतले. डोळ्यांत पाणी तयारच होतं.

"ताई, ऐकलं मी. कोण मेला असा राक्षस! पण तू घाबरू नकोस, मी आहे ना. आपण अपील करू."

"मी घाबरलेली दिसतेय का तुला?"

"तसं नव्हे गं. पण उद्या पाहणीला तू येऊच नकोस. उगाच जिवाला त्रास. मी बघतो काय ते."

"काल मला दिवसभर बसवून ठेवलंस ते?"

"कोर्ट, ताई! कोर्टात एकदा माणूस शिरला की..." त्यानं बाईसाहेबांकडे आधारासाठी पाहिलं. "बाईसाहेबांना माहीत आहे."

"मला सगळंच जुनं माहीत आहे," बाईसाहेब म्हणाल्या. "वकीलसाहेब, एक मदत करा. शेतजमिनीची व्याख्या. निवृत्त झाल्यापासून शब्द नीट आठवत नाहीत."

वकिलाचा चेहरा उजळला. आवडतं गाणं म्हणायचा आग्रह झाल्यावर गवयाचा उजळतो तसा. त्यानं पुस्तकाकडे पाहिलंसुद्धा नाही. डोळे मिटले, मान किंचित मागे टाकली.

"'शेतजमीन म्हणजे अशी जमीन, जीवर अन्नधान्य, भाजीपाला, फळे, तेलबिया अथवा तंतुपिके यांची लागवड केली जाते...'"

"'...परंतु,'" बाईसाहेब म्हणाल्या.

"'परंतु गवत, चारा, फुलझाडे आणि कुंपणाची झुडपे यांचा अशा लागवडीत समावेश होणार नाही!'" शेवटची ओळ दोघांनी एका सुरात म्हटली. मला टाळी वाजवावीशी वाटली.

"परीक्षेत शब्दन् शब्द लिहिला होता," वकील म्हणाला. "पहिला आलो होतो त्या विषयात. तेव्हापासून पुस्तक उघडायची वेळ आली नाही."

"दिसतंय," बाईसाहेब म्हणाल्या.

जिना उतरताना इंजिन गप्प होती. ती गप्प असली की काळजी वाटते, कारण वाफ कुठेतरी साठतच असते.

"अपील म्हणजे किती वर्षं?" तिनं खाली आल्यावर विचारलं.

"तुझी जेवढी उरली असतील त्याच्यापेक्षा एक जास्त. तोवर तिथे गोदाम उभं असेल."

"मी काही शेत सोडत नाही. उद्या मी मातीत मधोमध बसते. उचलून न्या म्हणावं."

"बस की. पण आधी सगळ्यांना बोलाव. भाऊ, काकू, शेठ, वकील. म्हणावं, पाहणीच्या वेळी सगळे शेतात हजर हवेत."

"कशाला?"

"पीक बघायला."

"कुठलं पीक? बाईसाहेब, मातीशिवाय काय उरलंय तिथे?"

बाईसाहेबांनी चष्मा काढला आणि पदरानं पुसला.

६

सकाळी सगळे जमले. शेठ ट्रकांच्या गर्दीतून पायी आले. काकू शेळ्यांसकट आली. धाकट्यानं मोरीचा एक फलक काखोटीला मारून आणला होता. तो का, ते त्याला बाईसाहेबांनी निरोप धाडून सांगितलं होतं.

वकील मात्र गाडीतून आला. एरवी तो गाडी रस्त्यावर लावायचा. त्या दिवशी त्यानं ती सरळ बांधावरून आत घातली आणि सपाट मातीच्या मधोमध उभी केली. चकचकीत, पांढरी, नवीकोरी. आता हे शेत नाही, असं तोंडानं न बोलता सांगायची ती रीत होती.

इंजिन ट्रॅक्टरवर बसून होती. तिनं गाडीकडे एकदा पाहिलं.

पाहणी अधिकारी तरुण होता आणि आताच थकला होता. त्यानं घाम पुसला, इकडे तिकडे पाहिलं. "हं. बोला कोणीतरी."

वकील पुढे झाला. आवाजात दुखवट्याची सभा होती. "साहेब, मी बाईंचा वकील. अत्यंत जड अंतःकरणानं सांगतो, जमिनीवर आज पीक नाही. थोडी हिरवळ आणि शोभेची फुलं आहेत. बाईंचं वय झालंय. नोंद करा. आम्ही पुढे दाद मागू."

"थांबा," बाईसाहेब म्हणाल्या. "नोंद करायच्या आधी दोन मिनिटं. परवा इथे एक छत्रीवाला आला. मजुरांकडून त्यानं व्याख्येतलं तेवढं सगळं उपटवलं आणि व्याख्येबाहेरचं तेवढं राखलं. मी पाहिलं आणि म्हटलं, हा माणूस अगदी माझ्यासारखा विचार करतो. मग काकूंनी सांगितलं, की मी विचार करते तसा कायदा आता उरलेलाच नाही. मी निवृत्त झाल्यावर तो बदलला. आता चारा पीक आहे, फुलं पीक आहेत."

वकिलाच्या मानेत काहीतरी आखडलं.

"म्हणजे छत्रीवाल्याला कायदा पाठ होता, पण शिळा. आता बघा. काकूंना नवा कायदा माहीत आहे, त्यावर त्यांचं कुरण तगलंय. त्यांना शेत बुडवायचं असतं तर शेळ्या आधी घासात सोडल्या असत्या. धाकट्याच्या मोरीत तो कायदा चारी भिंतींवर आहे. शेठजी त्या कायद्यापायी दारातल्या गवताकडून हरलेत. यांच्यातल्या कुणीही आधी घासच कापला असता. राखण केली नसती. काल दिवसभर मी जुनी व्याख्या एकाच माणसाच्या तोंडून ऐकली. डोळे मिटून. ज्यानं इंजिनला परवा दिवसभर स्वतःच्या पंख्याखाली..."

पण बाईसाहेबांना निकाल पुरा वाचता आला नाही. कारण शेठ हळूहळू वळले होते. त्यांनी घासाकडे पाहिलं, झेंडूकडे पाहिलं, आणि मग वकिलाकडे.

"गवत ठेवलंत?" ते म्हणाले. "गवत?"

"शेठजी, आपण नंतर..."

"अहो, गवतावरच तर मी वरपर्यंत हरलो! अख्खं शेत उपटलंत आणि नेमकं तेच राखलंत? मला एकदा विचारायचं तरी!"

"तुम्हीच म्हणालात ना, मला एका शब्दानं सांगू नका!" वकील ओरडला.

एक शेळी तेवढी बोलली.

मग दोघांनाही आपण काय बोललो ते कळलं. कायद्यात याला कबुलीजबाब म्हणतात. इथे ते एकाच्या जागी दोन मिळाले होते आणि ऐकायला अधिकारी हजर होता.

अधिकाऱ्यानं धाकट्याच्या हातातला फलक वाचला. "हे कुठे मिळाले तुम्हाला? आम्ही शोधतोय." मग घासापाशी गेला, मूठभर उपटून पाहिला, झेंडू मोजल्यासारखं केलं आणि मान डोलावली. "चारा आहे, फुलशेती आहे. पीक उभं आहे. शेतजमीन." त्यानं तसं लिहिलं आणि बाकीचं पोलिसांना कळवायला फोन काढला.

वकील इंजिनकडे वळला. आता डोळ्यांतलं पाणी खरं होतं. "ताई, तुझ्या भल्यासाठीच गं! तुझं वय, तुझा पाय. एका जागी सुखानं राहिली असतीस. शेठनी फ्लॅट कबूल केला होता, लिफ्टसकट..."

"कुणाला?"

"आपल्याला," वकील म्हणाला. "म्हणजे माझ्या नावावर, पण..."

"वकील," इंजिन ट्रॅक्टरवरूनच म्हणाली, "माझं भलं माझ्या पाठीमागून करायचं नाही. समोर येऊन वाईट कर, चालेल. ते मला निस्तरता येतं."

आणि तिनं ट्रॅक्टर सुरू केला.

मागे पेरणीयंत्र जोडलेलं होतं. ते तिनं पहाटेच जोडलं असणार. वकील धाकट्याला समजावत होता, शेठ वकिलाला झापत होते, काकू दोघांना सुनावत होती, आणि त्या सगळ्यांच्या भोवतीनं इंजिन मका पेरत गेली. आधी कडेकडेनं. मग आत. माणसं बाजूला होत होत बांधावर आली. गाडीला पाय नसल्यामुळे ती जागेवरच राहिली. तिच्याभोवती एक नेटका गोल सोडून इंजिननं शेवटची फेरी मारली आणि ट्रॅक्टर बंद केला.

"ताई," वकील म्हणाला, "माझी गाडी."

"काढ की."

वकिलानं एक पाय उचलला. बाईसाहेब अत्यंत मायेनं म्हणाल्या, "वकीलसाहेब, ते उभ्या पिकाचं कलम कसं होतं हो?"

त्याचे डोळे सवयीनं मिटले. "'पेरणी झाल्या क्षणापासून ते उभे पीक मानले जाईल; आणि अशा पिकातून जो कोणी वाहन नेईल...'" पुढे शिक्षा होती. ती त्यानं मनातल्या मनात म्हटली.

"हे तरी बदललंय का?" त्यानं अधिकाऱ्याला विचारलं.

"नाही," अधिकारी म्हणाला. "हे आहे तसंच आहे."

"कापणी झाली की ये," इंजिन म्हणाली. मग धाकट्याला म्हणाली, "आणि तुला हिस्सा हवाय ना? दर हंगामाला पोत्यानं घेऊन जा. यंत्राचं बघू. पण माती मागायची नाही."

धाकट्यानं फलक बांधावर रोवला, आणि हलतोय का ते दोनदा पाहिलं.

मका चांगला आला. आता गाडीचं फक्त छप्पर दिसतं आणि त्यावर बहुधा एखादी शेळी असते. पोलिसांचं चालू आहे, कोर्टाचंही चालू आहे. वकील अधूनमधून बांधावर येऊन उभा राहतो. ऊन फार, म्हणून छत्री नाकापर्यंत ओढून, आणि बोटानं आपली गाडी शोधत.

पहिल्यांदा आला तेव्हा काकू कुंपणावरून ओरडली, "अगं, हाच तो! हाच तो छत्रीवाला!"

"असू दे," इंजिन म्हणाली. "कणसं भरायला लागलीत. बुजगावणं लागतंच."